रंगकामाचा लेखी करार

पेढीवर बसणाऱ्या माणसास लिहिण्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. दिवाळीत वहीपूजन करून पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिल्यापासून वर्ष संपेपर्यंत आपली लेखणी थांबत नाही. मंडीतून सोयाबीनची दहा पोती उचलली तरी भाव, वजन, बारदान, हमाली, अडत असा सारा तपशील त्याच दिवशी खात्यावर चढतो. तथापि याच व्यापाऱ्याने आपला बंगला, दुकान वा गोदाम रंगवावयास काढले म्हणजे मोठी चमत्कारिक गोष्ट घडते. ओळखीच्या रंगाऱ्यास बोलावणे जाते. तो भिंतींवरून नजर फिरवितो, एक आकडा सांगतो, थोडी घासाघीस होते. आणि "चांगला रंग लावा, दिवाळीपूर्वी आटपा, पैशांचे पाहून घेऊ" एवढ्या बोलण्यावर लाखभर रुपयांचे काम सुरू होते. कागदावर एक ओळही उमटत नाही.

पुढची हकिकत प्रत्येकाच्या परिचयाची आहे. काम अर्धे झाले असता ठेकेदार जादा पैसे मागतो. दिवाळी उलटते आणि परांची तशीच उभी राहते. पुढल्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे निघतात. मालक म्हणतो, मला फसविले. रंगारी म्हणतो, माझी मजुरी बुडविली. बहुधा दोघेही खरे बोलत असतात. मालकाच्या मनात एक करार होता, रंगाऱ्याच्या मनात दुसरा. आणि दोघांच्या मनांतील गोष्ट एकच आहे की नाही हे ताडून पाहण्याचे साधन, म्हणजे कागद, कोणी निर्माणच केला नाही. यास्तव घरमालक व रंगकाम-ठेकेदार यांच्यातील लेखी कराराविषयी चार व्यवहारोपयोगी गोष्टी आमच्या सभासद बंधुभगिनींपुढे मांडाव्या, असे आम्ही योजिले आहे.

माधवनगरातील घरे आणि रंगाचा हंगाम

जुन्या उज्जयिनीतून रेल्वेचा पूल ओलांडला की आपण माधवनगरात, म्हणजे बोलीतल्या फ्रीगंजात, येतो. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या अमदानीत, माधवराव शिंद्यांच्या नावाने ही वस्ती उदयास आली. टॉवर चौकाच्या आसपास हिंडून पाहिले तर एकाच गल्लीत दोन युगांची घरे शेजारी शेजारी दिसतात. काही जुनी घरे चुन्याच्या गिलाव्याची, जाड भिंतींची. तर शेजारची नवी इमारत सिमेंटची. या दोन भिंतींचा स्वभाव भिन्न आहे. चुन्याची भिंत ओल आत घेते व हळूहळू बाहेर सोडते. तिच्यावर प्लॅस्टिक इमल्शनाचा घट्ट थर दिला तर ओल आत कोंडते आणि रंग फुगून सुटतो. सिमेंटच्या नव्या गिलाव्यात क्षार असतात. तो पुरता सुकण्याआधी रंग दिला तर खार फुटून पांढरे डाग पडतात. म्हणून "घर रंगविणे" हे एक काम नसून, भिंत पाहून ठरविण्याची अनेक कामे आहेत.

दुसरी अडचण हंगामाची. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत पाऊस असतो, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत दिवाळी येते. सर्वांना रंग हवा असतो तो नेमका याच दिवसांत, ज्या वेळी भिंती पावसाचे पाणी प्यालेल्या असतात. बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाच्या वेळी तर सारे शहरच रंगाला निघते. २०१६ चे सिंहस्थ एप्रिल व मे महिन्यांत भरले होते, आणि पुढचे २०२८ सालचे आहे. अशा वर्षी कुशल रंगारी मिळणे कठीण होते, एकाच ठेकेदाराकडे दहा ठिकाणची कामे असतात, आणि घाईने बोललेले शब्द घाईनेच विसरले जातात. जेथे घाई अधिक, तेथे लेखाची गरजही अधिक.

कायदा काय म्हणतो

तोंडी करारास कायद्यात काहीच किंमत नाही, असा समज आपल्यात पुष्कळ आहे. तो बरोबर नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सज्ञान व समर्थ माणसांनी स्वखुशीने, कायदेशीर मोबदल्यासाठी व कायदेशीर हेतूने केलेला करार बंधनकारक असतो. रंगकामासारख्या करारास लेखाची सक्ती नाही, नोंदणीचीही नाही. अडचण आहे ती सिद्ध करण्याची. तोंडी करार खरा असूनही न्यायालयात सिद्ध होत नाही, कारण साक्षीला उरतात फक्त दोन चिडलेली माणसे.

कराराच्या शर्ती निश्चित असाव्या लागतात, हे त्याच कायद्याच्या कलम २९ मध्ये सांगितले आहे. आणि तेथे दिलेले उदाहरण व्यापाऱ्यास लगेच पटण्याजोगे आहे. एकाने दुसऱ्यास शंभर टन तेल विकण्याचे कबूल केले. पण कोणते तेल, हे समजण्यास कसलाच आधार नाही. असा करार अनिश्चिततेमुळे रद्द ठरतो. विकणारा केवळ खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर मात्र त्याच्या धंद्यावरून अर्थ लागतो. आता "चांगला रंग" हे शब्द घ्या. चुना, डिस्टेंपर, साधे इमल्शन, उंची इमल्शन, ऑइलपेंट हे सर्व रंगच. आणि रंगारी हे सर्वच लावतो. "शंभर टन तेल" म्हणणाऱ्यास आपण हसू, पण "चांगला रंग" म्हणताना आपणही तेच करीत असतो.

घराच्या कामाची उदाहरणे तर या कायद्यात प्रत्यक्षच आहेत. कलम ७३ मधील एका उदाहरणात, एका माणसाने दुसऱ्याचे घर विशिष्ट रीतीने दुरुस्त करण्याचे पत्करून आगाऊ पैसे घेतले. दुरुस्ती केली, पण करारात ठरल्याप्रमाणे केली नाही. अशा वेळी ते काम कराराबरहुकूम करून घेण्यास जो खर्च येईल तो मालकास मिळतो. हे झाले मालकाच्या बाजूचे. कलम ६७ मधील उदाहरण कारागिराच्या बाजूचे आहे. घर दुरुस्त करावयाचे ठरले, पण कोठे कोठे दुरुस्ती हवी ते दाखविण्याचे मालकाने टाळले. तर त्यामुळे जे काम झाले नाही त्याचा दोष कारागिराकडे जात नाही. खोल्यांतील सामान न हलविणारे आणि रंगाची छटा पसंत करण्यास पंधरा दिवस लावणारे मालक आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी हे उदाहरण ध्यानी ठेवावे.

इंग्लंडमधील एक निवाडा या संदर्भात उद्बोधक आहे. होएनिग विरुद्ध आयझॅक्स या १९५२ च्या दाव्यात एका सजावटकाराने एक सदनिका रंगवून व सामानाने सजवून देण्याचे ७५० पौंडांस पत्करले होते. मालकाने ४०० पौंड दिले, तेथे राहावयास गेला, सामान वापरू लागला. आणि कामात दोष आहेत म्हणून उरलेले ३५० पौंड देण्याचे नाकारले. दोष खरेच होते, पण ते दूर करण्याचा खर्च सुमारे ५५ पौंड होता. काम मुख्यतः पुरे झाले आहे, म्हणून दोष-दुरुस्तीचा खर्च वजा करून बाकी रक्कम द्यावी, असा निर्णय अपील न्यायालयाने दिला. हा निवाडा आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु त्यातील न्याय पेढीवरच्या माणसास सहज उमगेल. मालात पोतेभर खराबी निघाली तर पोत्याचे पैसे कापावेत. सारा सौदा बुडवू नये.

पहिली बाब : भिंत आणि तिची पूर्वतयारी

करारात सर्वांत आधी लिहावी ती भिंतीची स्थिती. रंगाचे आयुष्य वरच्या थरापेक्षा खालच्या तयारीवर अधिक अवलंबून असते, आणि ठेकेदाराची बचतही बहुधा तेथेच होते. कारण वरचा रंग दिसतो, खालची तयारी दिसत नाही. म्हणून जुना रंग कोठपर्यंत खरवडावयाचा, भेगा कशाने भरावयाच्या, पुट्टी, जिला रंगारी लांबी म्हणतात, तिचे किती हात द्यावयाचे, घासकागद किती वेळा फिरवावयाचा, अस्तराचा हात कोणता, आणि त्यावर रंगाचे किती हात, हे क्रमाने लिहावे. "दोन हात" म्हणताना अस्तर त्यात धरले आहे की नाही, या एकाच प्रश्नावरून किती तरी भांडणे होतात. तेव्हा "अस्तराचा एक हात, त्यावर रंगाचे दोन हात" असे स्वच्छ लिहावे. दोन हातांमध्ये वाळण्यास किती वेळ द्यावयाचा आणि रंगात पाणी वा तेल किती मिसळावयाचे, हे उत्पादकाने डब्यावर छापलेले असते. "डब्यावरील सूचनेप्रमाणे" एवढे शब्द करारात घातले तरी पुरेसे होते. गिलाव्याच्या व काँक्रीटच्या पृष्ठभागांच्या रंगकामासाठी भारतीय मानक आयएस २३९५ उपलब्ध आहे. मोठ्या इमारतीच्या करारात त्याचा उल्लेख करावा.

रंगाच्या उत्पादकाचे नाव, प्रकार आणि छटेचा क्रमांक नोंदवावा. नुसते "बदामी" वा "फिका निळा" असे लिहू नये, कारण सासूबाईंचा बदामी निराळा आणि सूनबाईंचा निराळा. भिंतीवर हातभर जागेत नमुना लावून, तो वाळल्यावर दिवसाच्या उजेडात पाहून, पसंतीची सही करावी. सीलबंद डबे मालकासमोर उघडावेत आणि रिकामे डबे हिशेब होईपर्यंत ठेवावेत. डबे मोजले म्हणजे रंग किती लागला याविषयी वाद राहत नाही.

ओलीविषयी एक स्वतंत्र ओळ हवी. काम सुरू करण्यापूर्वी ठेकेदाराने भिंती तपासून, जेथे ओल किंवा खार आढळेल त्या जागा मालकास लेखी कळवाव्यात. गळके छप्पर वा फुटका नळ दुरुस्त करणे मालकाचे काम. कळवूनही मालकाने दिवाळीच्या घाईने तसाच रंग लावून घेतला, तर त्या जागेचे पोपडे निघाल्यास ठेकेदार जबाबदार नाही. उलट ठेकेदाराने काहीच न कळविता ओल्या भिंतीवर रंग चढविला, तर त्याने ती जागा आपल्या खर्चाने पुन्हा करून द्यावी. ही एक ओळ दोघांनाही प्रामाणिक ठेवते.

दुसरी बाब : मोजमाप

ठोक रक्कम ठरविली असेल तर मापाचा प्रश्न येत नाही. चौरस फुटाचा दर असेल तर मात्र माप कसे घ्यावयाचे हे आधी लिहिलेच पाहिजे. समजा, एक खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट आणि छताचे १२० मिळून ५६० चौरस फूट झाले. तीत साडेतीन फूट रुंद व सात फूट उंच असे एक दार, आणि चार फूट चौरस अशा दोन खिडक्या आहेत. त्यांचे क्षेत्र साडेछप्पन चौरस फूट. ते वजा केले तर काम ५०३.५ चौरस फूट, न केले तर ५६०. दर समजा २० रुपये असला तर एका खोलीमागे ११३० रुपयांचा फरक पडतो. अशा आठ खोल्यांच्या घरात तो ९०४० रुपयांवर जातो. येथे कोणी कोणास लुबाडले नाही. फक्त माप घेण्याची रीत ठरली नव्हती.

यासाठी आयएस १२०० या मानकाच्या १३ व्या भागात रीत घालून दिलेली आहे. अर्धा चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेपाच चौरस फुटांच्या, उघड्या जागेची वजावट करीत नाहीत. त्याहून मोठ्या पण तीन चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३२ चौरस फुटांच्या, दार-खिडकीसाठी दोन्ही बाजूंस एकच काम असल्यास एकाच बाजूची वजावट करतात आणि कडांचे क्षेत्र निराळे मिळवीत नाहीत. त्याहूनही मोठ्या जागेची वजावट दोन्ही बाजूंस करून कडांचे क्षेत्र मिळवितात.

दारांच्या ऑइलपेंटाचे माप आणखी वेगळे असते. कारण तावदानांच्या उंचसखल भागामुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग सपाट मापापेक्षा अधिक भरतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत यासाठी गुणक दिले आहेत. तावदानी दारास प्रत्येक बाजूस १.३०, सपाट फ्लश दारास १.२०, पूर्ण काचेच्या दारास ०.८०, दुकानाच्या गुंडाळत्या शटरास १.१० आणि सरकत्या जाळीदार फाटकास १.५०. म्हणजे दहा फूट रुंद व आठ फूट उंच अशा शटराचे एका बाजूचे माप ८० नसून ८८ चौरस फूट धरावयाचे. हेच नियम पाळले पाहिजेत असे बंधन खाजगी कामास नाही. परंतु कोणता नियम पाळणार, हे एका ओळीत लिहिण्यास काय हरकत आहे? माप दोघांनी मिळून घ्यावे आणि मापवहीत दोघांनी सह्या कराव्यात.

तिसरी बाब : जादा काम

"आता परांची बांधलीच आहे, तर गच्चीचा कठडाही करून टाका." सर्वांत अधिक तंटे या वाक्यातून जन्म पावतात. मालकास वाटते, एवढेसे काम मूळ रकमेतच आले. ठेकेदारास वाटते, याचे पैसे वेगळे मिळणार.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स हा निवाडा प्रसिद्ध आहे. या ठेकेदारांनी स्वातंत्र्यापूर्वी बंगाल सरकारच्या नागरी पुरवठा खात्यासाठी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून काही बांधकाम केले. सरकारने त्याचा उपयोग केला. पण कायद्याने आवश्यक त्या रीतीचा करार झालेला नाही, म्हणून पैसे नाकारले. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये निकाल ठेकेदारांच्या बाजूने लागला. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा ज्याने लाभ घेतला त्याने त्याची भरपाई केली पाहिजे, हे करार कायद्याच्या कलम ७० मधील तत्त्व न्यायालयाने लावले. न्याय मिळाला खरा. पण स्वातंत्र्यापूर्वी केलेल्या कामाचा निकाल १९६१ साली! इतका काळ दम धरणे सामान्य रंगाऱ्यास कसे शक्य व्हावे?

म्हणून करारात असे लिहावे की, मूळ यादीबाहेरचे कोणतेही काम मालकाने लेखी सांगितल्याशिवाय करावयाचे नाही, आणि सांगताना त्याचा दर ठरवावयाचा. यासाठी स्वतंत्र करारपत्र नको. मापवहीच्या मागील पानावर तारीख, काम, दर आणि दोन सह्या एवढे पुरे. मोबाइलवर पाठविलेला संदेशही जपून ठेवला तर उपयोगी पडतो.

चौथी बाब : पैसे, मुदत व हमी

हप्ते कामाच्या टप्प्यांशी जोडावेत, तारखांशी नव्हे. साहित्यासाठी माफक इसार; खरवडणे, लांबी व अस्तर पुरे झाल्यावर एक हप्ता; रंगाचा पहिला हात झाल्यावर दुसरा; आणि काम पाहून घेतल्यावर शेवटचा. बाहेरील भिंतींच्या कामात शेकडा ५ सारखी छोटी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत अनामत ठेवण्यास हरकत नाही. पण ती परत देण्याची तारीख लिहावी, आणि त्या तारखेस ती न मागता द्यावी. प्रत्येक रकमेची पावती हवी. दरात वस्तू व सेवा कर, जो १ जुलै २०१७ पासून लागू आहे, धरला आहे की नाही, आणि दुकान-गोदामाच्या कामावर करकपात करावयाची की नाही, हे आपल्या कर-सल्लागारास विचारून आधीच नोंदवावे.

मुदतीविषयी कलम ४६ चा नियम असा की, वेळ ठरविली नसेल तर काम वाजवी वेळात करावयाचे; आणि "वाजवी" म्हणजे किती, हे प्रत्येकाच्या घाईवर ठरते. म्हणून सुरू करण्याची व संपविण्याची तारीख लिहावी. लग्नकार्यासारखा प्रसंग असेल तर मुदत हा कराराचा गाभा आहे, असे स्पष्ट लिहावे. उशिराबद्दल दर दिवशी अमुक रुपये, अशी शर्त घालतात. परंतु ती भली थोरली घातल्याने काही साधत नाही. फत्तेचंद विरुद्ध बालकिशनदास या १९६३ मध्ये निकालात निघालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम ७४ चा अर्थ स्पष्ट केला आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत न्यायालय वाजवी भरपाई देते. तसेच पावसाने किंवा मालकाच्या दिरंगाईने गेलेले दिवस मुदतीत धरू नयेत.

काम कोण करणार, हाही प्रश्न आहे. चित्रकाराने चित्र काढण्याचे वचन दिले तर ते त्याने स्वतःच पाळावे लागते, असे उदाहरण कलम ४० मध्ये आहे. घराच्या रंगकामात ठेकेदार आपले कारागीर लावणारच. पण ज्याच्या हातावर विश्वासून आपण काम दिले त्याने ते परस्पर दुसऱ्या ठेकेदाराकडे सोपवू नये, अशी इच्छा असेल तर तसे लिहावे.

माणसांची काळजी

परांचीवर उभा असलेला मजूर हा कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो. मजबूत शिडी व परांची, उंचीवर कमरेचा पट्टा, आणि विजेच्या तारांजवळ काम करताना प्रवाह बंद ठेवणे, यांची जबाबदारी कोणाची व मजुरांचा विमा कोणी उतरवावयाचा, हे करारात असलेच पाहिजे. घरातील मुलांसाठीही एक शर्त आवश्यक आहे. जुन्या ऑइलपेंटांत शिसे असू शकते आणि कोरडे घासताना त्याची धूळ उडते. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असे नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केले व ते १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. परंतु त्यापूर्वीचे थर अनेक दारे-खिडक्यांवर अद्याप आहेत. असे थर ओले करून घासावेत, रोजची धूळ ओल्या फडक्याने पुसावी, आणि त्या खोलीत मुलांना व गरोदर स्त्रियांना येऊ देऊ नये.

वाद उद्भवल्यास

आपल्या व्यापारी परंपरेत पंचांचा मान मोठा आहे. पंचांपुढे तंटा मिटतो तेव्हा पैसा वाचतो आणि संबंधही टिकतात. पण १९९६ च्या लवाद व सलोखा कायद्याप्रमाणे लवादाचा करार लेखीच असावा लागतो. कोर्टाची पायरी चढू नये अशी ज्याची इच्छा, त्यानेही कागद केलाच पाहिजे.

राहत्या घराचे काम असेल तर मालकास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेल्या सेवेस मात्र तो कायदा सामान्यतः लागू होत नाही, म्हणून दुकान-गोदामाच्या करारात अधिक दक्षता हवी. ठेकेदाराने ध्यानी ठेवावे की, पैसे देण्याची तारीख ठरली नसेल तर काम पुरे झाल्यापासून तीन वर्षांत दावा केला पाहिजे, असे १९६३ चा मुदत कायदा सांगतो. मुदत संपण्याआधी मालकाने सहीनिशी देणे मान्य केले, तर मुदत नव्याने सुरू होते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९४ व ९५ प्रमाणे, शर्ती एकदा कागदावर आणल्या म्हणजे त्यांच्या विरुद्ध तोंडी पुरावा सामान्यतः चालत नाही. म्हणून जे जे बोलणे झाले ते सर्व कागदात आले आहे ना, हे पाहूनच सही करावी. कागद दोघांना समजेल अशा भाषेत, मराठीत वा हिंदीत, असावा. आणि ठेकेदारास वाचता येत नसेल तर साक्षीदारांसमोर तो मोठ्याने वाचून दाखवावा. योग्य मुद्रांकाविषयी वकिलास विचारावे. कमी मुद्रांकाचा कागद न्यायालयात अडकून पडतो.

एक मसुदा

सभासदांच्या सोयीसाठी साधा नमुना देत आहोत. प्रसंगानुसार त्यात फेरबदल करावा.

"आज दिनांक …… रोजी मालक …… आणि रंगकाम-ठेकेदार …… यांनी करार केला तो असा :

१. माधवनगर, उज्जैन येथील …… या इमारतीच्या सोबतच्या यादीत लिहिलेल्या भागांचे रंगकाम ठेकेदाराने करावयाचे.

२. खरवडणे, भेगा भरणे, लांबीचे …… हात, अस्तराचा …… हात आणि …… उत्पादकाच्या …… प्रकारच्या, छटा क्रमांक …… च्या रंगाचे …… हात द्यावयाचे. साहित्य …… यांनी आणावयाचे.

३. दर चौरस फुटास …… रुपये, किंवा ठोक रक्कम …… रुपये. यात कर धरला आहे / नाही. माप …… या रीतीने दोघांनी मिळून घ्यावयाचे.

४. ओल व खार असलेल्या जागा ठेकेदाराने काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवावयाच्या.

५. यादीबाहेरचे काम मालकाच्या लेखी सांगण्यावरून व ठरलेल्या दरानेच करावयाचे.

६. काम दिनांक …… रोजी सुरू करून दिनांक …… पर्यंत संपवावयाचे. खोल्या रिकाम्या करून देणे व छटा पसंत करणे ही कामे मालकाने दिनांक …… पर्यंत करावयाची.

७. इसार …… रुपये. पुढील हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे. अनामत …… रुपये दिनांक …… रोजी परत द्यावयाची.

८. त्या दिनांकापर्यंत ठेकेदाराच्या कामातील दोषाने रंग सुटल्यास त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा.

९. परांची, सुरक्षिततेची साधने व मजुरांचा विमा ही जबाबदारी …… यांची.

१०. वाद झाल्यास तो …… या लवादापुढे ठेवावयाचा व त्याचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील.

मालकाची सही, ठेकेदाराची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या."

एवढा कागद लिहिण्यास अर्धा तास पुरतो. ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. आम्ही त्यांस इतकेच विचारू की, सख्ख्या भावाशी भागीदारी करतानाही आपण भागीदारीपत्र करतो, ते काय अविश्वासाने? खात्यावर रक्कम मांडताना समोरच्यास चोर समजून कोणी मांडत नाही. माणसाचे स्मरण अपुरे असते म्हणून मांडतो. आणि या व्यवहारात दुबळी बाजू बहुधा रंगाऱ्याची असते. मालकाचा रंग बिघडला तर त्याची भिंत वाईट दिसते. रंगाऱ्याचा शेवटचा हप्ता बुडाला तर त्याच्या चार मजुरांची दिवाळी बुडते. ज्याच्या हाती पैसा आणि लेखणी दोन्ही आहेत, त्याने लेखणी आधी उचलावी. तेव्हा यंदा रंगाऱ्यास बोलावणे धाडण्यापूर्वी पेढीवरील एक कोरा कागद घेऊन वरील दहा कलमे त्यावर उतरवून ठेवावीत, अशी आमची सर्व सभासदांस नम्र विनंती आहे.